आपल्याच टीमच्या कारभारावर लिहायचं आहे: फुटबॉलप्रेमींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली, धान बांध्यातून उचललं की आमच्या भागात फुटबॉलचे सामने सुरू होतात. त्याबरोबर माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात: "भाऊ, सचिवाबद्दल लिहिलं त पोलीस येतीन का?" मी वकील नाही. शाळेत असताना गोलकीपर होतो. आता तालुक्याच्या टीमचा चाहता आहे आणि चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. एकदा स्वतः वकिलाची नोटीस घेऊन बसलो होतो. खालचं बरंचसं तेव्हा विचारत-वाचत शिकलो. तुमच्या अंगावर प्रकरण आलं असेल तर ही उत्तरं वाचा, पण तालुका कोर्टातल्या वकिलाला भेटल्याशिवाय पाऊल टाकू नका.

टीमच्या अध्यक्ष-सचिवांवर फेसबुकवर टीका करणं गुन्हा आहे का?

नाही. घटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला बोलण्याचं आणि मत मांडण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे आणि फोनवर लिहिलेलं त्यातच येतं. या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी मर्यादा घालता येतात ती यादीही त्याच कलमात आहे: सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी, देशाची सुरक्षा अशी मोजकी. "अध्यक्षांना वाईट वाटलं" हे कारण त्यात नाही.

२०१५ पर्यंत गोष्ट वेगळी होती. आयटी कायद्याच्या ६६अ कलमाखाली कुणाला "त्रासदायक" वाटलं एवढ्यावर अटक होत असे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी पोलीस ठाण्यात नेलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम पूर्ण रद्द केलं. तरी ते वापरणं सुरूच राहिलं, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. त्यामुळे आज कुणी "६६अ लावतो" म्हणाला तर तो मेलेल्या कलमाची भीती घालतो आहे.

आमचे पोट्टे मँचेस्टर युनायटेडच्या मालकांना रोज झोडपतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मग गावच्या क्लबबद्दल लिहिलं की आग का लागते?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये तो क्लब घेतला तेव्हापासून चाहते त्यांच्याविरुद्ध उभे आहेत. २ मे २०२१ रोजी तर चाहते मैदानात शिरले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. आमच्या गावचा आयटीआयचा मुलगा रात्री दोन वाजता त्यावर हिरिरीने लिहितो. ग्लेझर काही त्याच्या घरासमोरून जात नाहीत.

आमचा सचिव मात्र जातो. त्याच्या कृषी केंद्रातून आपण उधारीवर युरिया घेतो. त्याची बहीण आपल्या चुलतभावाला दिलेली असते. पोळ्याला त्याचे बैल आणि आपले बैल एकाच तोरणाखाली उभे असतात. आपण "कारभार चुकला" असं लिहिलं तरी त्याच्या घरी ते "त्यायनं आपल्या घरावर लिहिलं" असं वाचलं जातं. गावात कायदा फार उशिरा येतो, त्याच्या आधी नातं येतं.

माझं मत स्पष्ट आहे: नातं आहे म्हणून गप्प बसू नये, आणि नातं आहे म्हणूनच जास्त नेमकं लिहावं. मी लिहिण्याआधी एक फोन करतो. "भाऊ, उद्या मी प्रवासखर्चाबद्दल लिहिणार आहे. तुमचं म्हणणं सांगा, तेही टाकतो." परवानगी मागण्यासाठी हा फोन नसतो. त्यामुळे समोरच्याला गावच्या पारावर दुसऱ्याच्या तोंडून कळत नाही, आणि बरेचदा त्या फोनवरच अर्धं उत्तर मिळतं. ज्यांनी फोन उचलला नाही, त्यांच्याबद्दल "विचारलं होतं, उत्तर आलं नाही" असं लिहायला आपण मोकळे.

टीका कुठे संपते आणि बदनामी कुठे सुरू होते?

माझाच अनुभव सांगतो. एका वर्षी फायनल दुसऱ्या तालुक्यात होती. जमाखर्चात बसभाडं दाखवलेलं होतं आणि पोट्टे गेले छोटा हत्तीत, उभ्यानं, ताडपत्रीची दोरी धरून. रस्ता तुम्हाला माहीत आहे तसा. उतरले तेव्हा आमच्या लेफ्ट बॅकच्या पिंडऱ्या आखडलेल्या होत्या. तो हौदाच्या फळीला पाय लावून ओढत होता आणि वीस मिनिटांत शिट्टी वाजणार होती. आम्ही तीन गोलांनी हरलो. त्या रात्री मी तीन वाक्यं लिहिली:

"पोट्टे छोटा हत्तीत उभे राहून गेले, मी स्वतः पाहिलं."
"फायनलला टीमला असं नेणं ही कार्यकारिणीची चूक आहे."
"बसचे पैसे सचिवानं खाल्ले."

पहिलं वाक्य डोळ्यांनी पाहिलेलं. दुसरं माझं मत. तिसरं म्हणजे एका माणसावर अफरातफरीचा आरोप, आणि त्यासाठी माझ्याकडे रागाशिवाय काहीही नव्हतं. दहा दिवसांनी नोटीस आली. पहिल्या दोन वाक्यांना तिने हातही लावला नव्हता, अधोरेखित होतं फक्त तिसरं.

कायद्याच्या भाषेत सांगायचं तर १ जुलै २०२४ पासून बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. आधी ती भारतीय दंड संहितेच्या ४९९-५०० मध्ये होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. माणसाप्रमाणे संस्थेचीही बदनामी होऊ शकते, म्हणून "मी कुणाचं नाव घेतलं नाही, क्लबचं घेतलं" ही पळवाट नाही. पण त्याच कलमात अपवाद आहेत आणि ते चाहत्याच्या फार कामाचे आहेत. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य बदनामी ठरत नाही. सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित वागणुकीवर सद्भावनेने दिलेलं मत ठरत नाही. लोकांसमोर सादर केलेल्या कामगिरीच्या गुणदोषांवर सद्भावनेने दिलेलं मतही ठरत नाही. सद्भावना म्हणजे गोड बोलणं नव्हे, नीट खातरजमा करून लिहिणं. फौजदारी बदनामीचं कलमच काढून टाकावं अशी मागणी झाली होती, पण मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तेव्हा ते आहे असं धरूनच चालायचं.

"ठाण्यात तक्रार देतो, उद्या उचलून नेतील" असं म्हणाले तर?

निव्वळ बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः कोर्टात तक्रार करावी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दंडाधिकाऱ्याने अशा तक्रारीची दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं ऐकायला हवं. ठाण्यातून फोन आला तर अरेरावी करू नका. "साहेब, लेखी नोटीस द्या, मी येतो" एवढं म्हणा आणि सोबत कुणाला तरी घेऊन जा.

हे संरक्षण फक्त टीकेला आहे. जीवे मारण्याची धमकी, जातीवरून अपमान, बाईबद्दल घाण लिहिणं, दोन समाजांत तेढ लावणं यांना वेगळी कलमं आहेत, आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा तर चांगलाच कडक आहे. असं लिहिणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहत नाही. फुटबॉलच्या कारभाराशी त्याचा काही संबंध नसतो.

ग्रुपवर दुसऱ्या कुणी काहीबाही लिहिलं तर ॲडमिन अडकतो का?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या विदर्भातूनच आलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवर, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरावरून गुन्हा नोंदला होता. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दिसत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तरी मी घाण दिसली की काढतो. कायद्याच्या भीतीने नाही. ग्रुपवर पोट्ट्यांचे बाप आहेत, बहिणी आहेत.

मी फक्त फॉरवर्ड केलं होतं, लिहिलं नव्हतं. तरी?

तरीही. दुसऱ्याची बदनामी पुढे पाठवणं हेही ती पसरवणंच. "जसं आलं तसं" हे वाक्य वर जोडून सुटका होत नाही.

खोट्या नावाने अकाउंट काढून लिहू का?

नाव न सांगता लिहिणं हा स्वतः गुन्हा नाही, आणि ज्याची नोकरी किंवा मुलाची निवड टांगणीला आहे त्याची अडचण मी समजू शकतो. पण दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव किंवा फोटो लावलात तर आयटी कायद्याची ६६क, ६६ड ही कलमं लागू शकतात. ही कलमं जिवंत आहेत, वरच्या ६६अ सारखी नाहीत. आणि गावात कोण कसं लिहितो हे सगळ्यांना ठाऊक असतं. दोन ओळींत ओळखतात. मला विचाराल तर नावानिशी लिहा. नाव लावलं की हात आपोआप तोलून लिहितो.

हिशोब मागायचा असेल तर तो ऑनलाइन मागू की कागदावर?

आधी कागदावर, मग ऑनलाइन. बहुतेक चाहते उलटं करतात.

तुमचं क्रीडा मंडळ नोंदणीकृत आहे का हे पावती पुस्तकावरच्या नोंदणी क्रमांकावरून कळतं. महाराष्ट्रात अशी मंडळं बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. त्यांना हिशोब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. विश्वस्त बदलले तर फेरफार अर्जही तिथेच जातो. जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करून या कागदांच्या नकला मिळतात. अनेकदा तिथे गेल्यावर कळतं की वर्षानुवर्षं हिशोब दिलेलेच नाहीत. मग लिहायला आपल्याकडे आरोप नसतो, नोंद असते: "अमुक वर्षापासून मंडळाने हिशोबपत्रक दाखल केलेलं नाही." यावर नोटीस पाठवायला सहसा कुणी धजत नाही.

मैदानासाठी किंवा साहित्यासाठी सरकारी अनुदान मिळालं असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, हे आपल्या राज्याचे नियम. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. अर्जात "भ्रष्टाचार कुणी केला ते कळवा" असं लिहू नका. त्याला उत्तर मिळत नाही. "सन अमुकमध्ये अमुक मंडळास मंजूर अनुदानाची रक्कम, मंजुरी आदेश व विनियोग प्रमाणपत्राची प्रत द्यावी" असं लिहा.

मंडळ नोंदणीकृतच नसेल आणि घरोघरी वर्गणी काढून चालत असेल, तर ज्याने एकावन्न रुपयांची पावती फाडली त्याला विचारायचा अधिकार आहे असं मी मानतो. तिथे कायदा फारसा धावून येत नाही, गावाची लाज येते. ती पुरेशी असते.

क्लबने मला ग्रुपमधून काढलं, पेजवर ब्लॉक केलं. हा माझ्या हक्काचा भंग नाही का?

त्यांचा ग्रुप, त्यांचं पेज, काढू शकतात. तुम्ही तुमच्या भिंतीवर लिहा. ग्रामपंचायतीच्या मैदानावर मात्र "तुला पाय ठेवू देणार नाही" असं मंडळ आपल्या मनाने म्हणू शकत नाही. तसं झालं तर ग्रामपंचायत कार्यालयात लेखी विचारा की मैदान कुणाला, कोणत्या अटींवर दिलं आहे, आणि अर्जाची पोच घ्या.

खेळाडूंवर टीका करावी का?

खेळावर करा, पण हात राखून. आमच्या टीमचा स्ट्रायकर सकाळी विटाभट्टीवर असतो आणि संध्याकाळी सरावाला येतो. त्याने पेनल्टी वर मारली तर त्याचं दुःख त्याला आपल्याहून जास्त आहे. त्याचा व्हिडिओ कापून, गाणं लावून फिरवणारे माझ्या ग्रुपवर राहत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांचं तर नावही घेऊ नका. पगार किंवा पद घेऊन, निर्णयाचा हक्क घेऊन जे बसले आहेत, प्रश्न त्यांना.

कारभार बिघडला की मार खेळाडूलाच बसतो, हे विसरू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारातल्या गोंधळावरून फिफाने भारताला निलंबित केलं. निलंबन दोन आठवड्यांच्या आत उठलं, पण तेवढ्यात गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या आणि न खेळता परतल्या. एकाही मुलीची काही चूक नव्हती.

मुलगा टीममध्ये आहे. मी लिहिलं तर त्याला बसवतील, म्हणून गप्प बसू का?

बाप म्हणून तुमची भीती खरी आहे. मी अशा पालकांना सांगतो की एकट्याने लिहू नका. पाच-सात पालकांनी मिळून एकच मजकूर, सगळ्यांच्या सह्यांनिशी, आधी कार्यकारिणीला द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कागदाचा फोटो टाका. सगळ्यांच्याच पोट्ट्यांना बेंचवर बसवलं तर अकरा जण आणणार कुठून?

लिहून काही होतं का, खरंच?

कोलकात्याचा मोहन बागान १८८९ चा क्लब. २०२० मध्ये एटीके या कोलकात्याच्याच दुसऱ्या क्लबसोबत विलीनीकरण झालं आणि नावाच्या पुढे "एटीके" लागलं. चाहत्यांनी ते मान्य केलं नाही. ऑनलाइन, स्टँडमध्ये, रस्त्यावर त्यांनी "एटीके काढा" हेच लावून धरलं. १८ मार्च २०२३ रोजी टीमने आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अंतिम सामना जिंकला आणि मालक संजीव गोएंका यांनी त्याच रात्री नाव बदलून मोहन बागान सुपर जायंट होणार असं जाहीर केलं. तीन वर्षं लागली. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा क्लबांनी वेगळी सुपर लीग काढायचं ठरवलं. चाहत्यांचा उठाव असा झाला की इंग्लंडचे सहाही क्लब दोन दिवसांत मागे फिरले.

आपण एवढे मोठे नाही. पण आपल्याकडे एक वेगळी गरज आहे. नागपूरच्या जामठा स्टेडियमवरच्या क्रिकेट सामन्याला वर्तमानपत्राचं पान मिळतं. नागपूरजवळच्या कामठीसारखं फुटबॉलचं गाव असेल, तिथल्या रब्बानी क्लबसारखं नाव असेल तर थोडी जागा मिळते. आमच्या तालुक्याच्या फायनलला चार ओळी, त्याही चुकलेल्या नावांसकट. टीमचा कारभार कसा चालतो हे लिहून ठेवणारा तिथे चाहत्याशिवाय दुसरा कुणी नाही.

वकिलाची नोटीस आली. पोस्ट लगेच काढून टाकू?

घाबरून सगळं पुसू नका. आधी स्वतःच्या पोस्टचा, खालच्या प्रतिक्रियांचा, तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. नोटिशीचा लिफाफा जपून ठेवा, त्यावरच्या शिक्क्याची तारीख लागते. नोटीस म्हणजे खटला नव्हे. तिच्यात दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या.

माझ्या घरी नोटीस आली तेव्हा आई ओसरीवर तूर निवडत होती. पोस्टमनने सही घेतली तशी ती म्हणाली, "कायले लिहितं बापा तू अशी कागदं?" मी रात्रभर झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी वकिलांनी माझी पोस्ट तीनदा वाचली आणि पेनाने तिसऱ्या वाक्याखाली रेघ मारली. म्हणाले, "हे एक काढा. बाकीचं तुमचं आहे, ठेवा." आम्ही तसंच उत्तर पाठवलं: एक वाक्य मागे घेतो, दोन कायम आहेत, आणि बसच्या खर्चाची पावती दाखवावी.

मग पावती दाखवली की नाही?

दाखवली. महिन्याभराने, मंडळाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. बस खरंच ठरवली होती आणि तीन हजार आगाऊ दिले होते. सकाळी तिची क्लच प्लेट गेली. मालकाने पैसे नंतर परत केले, पासबुकात जमा दिसत होते. जमाखर्चाच्या कागदावर मात्र जमेची नोंद करायची राहिली होती. सचिवानं पैसे खाल्ले नव्हते. पण दुसरी गाडी शोधण्याऐवजी पोट्ट्यांना छोटा हत्तीत उभं केलं, ही चूक होतीच आणि ती त्यांनी त्या बैठकीत मान्य केली.

मी त्याच रात्री, त्याच ठिकाणी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं की माझा आरोप खोटा होता. पासबुकाच्या पानाचा फोटो, खाते क्रमांक झाकून, सोबत टाकला. सकाळी सचिवांचा फोन आला. आईने उचलला. पुढच्या सामन्याला बस किती वाजता निघणार ते सांगायला केला होता.